वृद्ध आणि त्यागलेल्या कुत्र्यांचे पुनर्वसन

पाळीव कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते चौदा वर्षांचे असते. ज्या कुटुंबात तो वाढतो त्या कुटुंबाची परिस्थिती मात्र इतका काळ स्थिर राहतेच असे नाही. नोकरीत बदली होते, मोठे घर सोडून लहान घरात यावे लागते, मुले दूरदेशी जातात आणि घरात उरलेल्या वृद्ध मनुष्याला कुत्र्याची साखळी हाती धरून जिना उतरणे अशक्य होते. कधी मालकाचा मृत्यू होतो आणि वारसांपैकी कोणालाच त्या कुत्र्याची जबाबदारी नको असते. अशा वेळी कुत्र्याला दुसरे घर मिळवून देणे हे काही लाजिरवाणे कृत्य नव्हे. ते कोणत्या रीतीने केले जाते यावर त्या प्राण्याचे उरलेले आयुष्य अवलंबून असते.

आश्रयगृहाची कल्पना

निराधार प्राण्यांना आश्रय देण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्र्यांच्या सरसकट हत्येविरुद्ध पारशी समाजाने मोठा उठाव केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ स्थापन झाले. १८७४ मध्ये मुंबईतच प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था निघाली. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५९ साली, मद्रास येथे कॅप्टन व्ही. सुंदरम् यांनी ब्लू क्रॉस या संस्थेचा पाया घातला.

इंग्लंडमध्ये मेरी टील्बी या बाईंनी १८६० साली लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते निवासस्थान उघडले. प्रारंभी त्यांची पुष्कळ थट्टा झाली. परंतु १८६२ मध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात या निवासस्थानाविषयी सहानुभूतीपूर्ण लेख प्रसिद्ध झाला. १८७१ मध्ये ही संस्था बॅटरसी येथे गेली आणि त्याच नावाने पुढे विख्यात झाली.

पांजरपोळ आणि बॅटरसीसारखी संस्था यांच्या उद्देशांत मात्र एक भेद आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. पांजरपोळात आलेला प्राणी बहुधा मरेपर्यंत तेथेच राहतो. दुसऱ्या प्रकारच्या आश्रयगृहात मुक्काम तात्पुरता असतो. तेथून कुत्र्याला पुन्हा एखाद्या घरात पोहोचविणे हे त्या संस्थेचे मुख्य कार्य होय. आजच्या बहुतेक संस्था या दोन्ही कल्पनांचा कमीअधिक मेळ घालतात.

कुत्रे का सोडले जातात

अमेरिकेतील बारा आश्रयगृहांत झालेली एक पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. कुत्रे आणून सोडणाऱ्यांनी सांगितलेल्या कारणांत घर बदलणे हे कारण अग्रस्थानी होते. घरमालकाची हरकत, पालनपोषणाचा खर्च आणि वेळेचा अभाव हीही कारणे वारंवार पुढे आली. भारतातील शहरांत याहून निराळे चित्र दिसत नाही. त्यात आपल्याकडील काही विशेष कारणांची भर पडते. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा झळकला आणि त्या जातीला एकाएकी मागणी आली. चपट्या नाकाच्या या कुत्र्याला श्वासोच्छ्वास कष्टाने करावा लागतो, उन्हाळा त्याला सोसत नाही व त्याच्या डोळ्यांची आणि त्वचेच्या घड्यांची नित्य निगा राखावी लागते, हे विकत घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची साथ पसरली तेव्हा कुत्र्यांमुळे रोग फैलावतो अशी निराधार वदंता उठली आणि अनेक पाळीव कुत्रे रस्त्यावर आले. तशी भीती बाळगण्याचे कारण नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाला त्या वेळी जाहीर करावे लागले.

पाळीव कुत्र्याला रस्त्यावर सोडले तर तो इतर कुत्र्यांप्रमाणे आपले पोट भरील, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. गल्लीतील कुत्र्याचा स्वतःचा प्रदेश असतो. अन्न कोठे मिळते, वाहने कोठून येतात, कोणते माणूस दगड मारते आणि कोणते भाकरी टाकते, हे त्याला लहानपणापासून माहीत असते. घरात वाढलेल्या कुत्र्याला यांतले काहीच माहीत नसते. गल्लीतील कुत्रे त्याला परका मानून त्याच्यावर धावून जातात. पळताना तो वाहनाखाली सापडतो अथवा काही आठवड्यांतच उपासमार, खरूज व गोचीडताप यांनी खंगतो. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने, उपासमारीने वा तहानेने यातना होण्याचा संभव असेल अशा स्थितीत प्राण्याचा वाजवी कारणाशिवाय त्याग करणे हा गुन्हा ठरविला आहे. या कायद्यात पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये इतकाच दंड सांगितला होता. त्यामुळे या बाबतीत कायद्याच्या भयापेक्षा मालकाच्या विवेकावरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

सोपविण्यापूर्वी

कुत्रा सोडून देण्याचा विचार मनात आला की प्रथम पशुवैद्याकडे जावे. ज्याला आपण दुर्वर्तन म्हणतो त्याच्या मुळाशी पुष्कळदा आजार असतो. आजवर घरात कधीही घाण न केलेला कुत्रा एकाएकी सतरंजी ओली करू लागला, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा मूत्रमार्गाचा दाह यांपैकी काही आहे काय, हे पाहिले पाहिजे. शांत स्वभावाचा कुत्रा हात लावताच गुरगुरू लागला, तर दात, कान अथवा सांधे दुखत असण्याचा संभव असतो. बहिरा झालेला म्हातारा कुत्रा झोपेत कोणी स्पर्श केल्यास दचकून चावतो. तो दुष्ट झालेला नसतो. अशा कित्येक प्रसंगी उपचारांनी अडचण दूर होते आणि घर सुटण्याची वेळ येत नाही.

घर सोडणे अटळच असेल तर आप्तेष्ट व परिचित यांच्याकडे प्रथम चौकशी करावी. कुत्र्याला जाणणारे माणूस हे त्याच्या दृष्टीने सर्वांत सोयीचे असते. ते न साधल्यास विश्वासार्ह संस्थेकडे आधी जाऊन, जागा पाहून, दिवस ठरवून त्याला न्यावे. रात्री फाटकाला बांधून निघून जाणे हाही त्यागाचाच प्रकार होय. अपरिचित मनुष्याला केवळ तो मागतो म्हणून कुत्रा देऊ नये. निर्बीजीकरण न झालेली जातिवंत मादी अशा रीतीने पिलांच्या व्यापाऱ्याच्या हाती पडण्याचा धोका असतो.

संस्थेला द्यावयाच्या माहितीत वय, लसी, निर्बीजीकरण, आजार, औषधे आणि नेहमीचा आहार यांची नोंद असावी. कुत्रा कशाला भितो, एकटा राहतो की नाही, मुले व इतर प्राणी यांच्याशी कसा वागतो, हेही लिहावे. आपल्या बहुभाषी देशात आणखी एका गोष्टीची नोंद उपयोगी पडते. तो कोणते शब्द ओळखतो? मराठी घरात ‘बस’ आणि ‘ये’ ऐकत वाढलेल्या कुत्र्याला तमिळ किंवा बंगाली कुटुंबातील आज्ञा कळत नाहीत, आणि मग तो हट्टी किंवा मंदबुद्धी आहे असा गैरसमज होतो. कुत्रा पूर्वी कोणाला चावला असेल तर ती गोष्ट कदापि लपवू नये. ती लपविल्याने त्याला घर लवकर मिळेल असे वाटते. परंतु पुढे एखादे मूल जखमी होते आणि मग त्या कुत्र्याला कोणीही थारा देत नाही.

आश्रयगृहातील पहिले दिवस

उत्तम आश्रयगृहसुद्धा कुत्र्याच्या दृष्टीने भयावह स्थळ असते. अनोळखी गंध, अहोरात्र चाललेले भुंकणे आणि ओळखीच्या माणसांचा अभाव यांचा त्याच्यावर एकदम आघात होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल हेनेसी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, आश्रयगृहातील पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसोल या ताणदर्शक संप्रेरकाचे प्रमाण घरच्या कुत्र्यांपेक्षा पुष्कळच अधिक आढळले. २०१९ मध्ये पाच आश्रयगृहांतील कुत्र्यांना एकदोन रात्री एखाद्या घरी ठेवून पाहण्यात आले, तेव्हा हे प्रमाण खाली आले. परत येताच ते पूर्वीच्या पातळीला पोहोचले.

या निष्कर्षांतून दोन बोध निघतात. पहिला असा की, आल्या आल्या कुत्र्याच्या स्वभावाविषयी मत बनवू नये. कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेला किंवा गजांवर झेप घेणारा कुत्रा घरी अगदी निराळा असू शकतो. दुसरा असा की, शक्य तेव्हा कुत्र्याला एखाद्या कुटुंबाच्या तात्पुरत्या पालकत्वाखाली ठेवावे. वृद्ध कुत्र्यांच्या बाबतीत ही व्यवस्था विशेष हितकर ठरते, कारण थंड फरशी आणि सततचा गोंगाट त्यांना तरुण कुत्र्यांइतके सोसवत नाहीत.

नव्याने आलेल्या कुत्र्याला सुमारे दोन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवणे इष्ट असते. पार्व्हो, डिस्टेंपर यांसारखे रोग अंगात असूनही काही दिवस बाहेर दिसत नाहीत. याच अवधीत रेबीज व इतर रोगांच्या लसी, जंतनाशके, गोचिडींचा बंदोबस्त आणि रक्ततपासणी ही कामे उरकून घेतली जातात.

वार्धक्याची लक्षणे

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हे प्रचलित गणित अचूक नाही. ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा सहाव्या-सातव्या वर्षीच वृद्ध होतो, तर लहान चणीचे कुत्रे दहा-अकरा वर्षांपर्यंत चपळ राहतात. म्हातारपणी तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात. डोळ्यांच्या भिंगांवर निळसर झाक येते. तिला पुष्कळ लोक मोतीबिंदू समजतात, परंतु ती वयोमानाने येते आणि तिच्यामुळे दृष्टी फारशी बिघडत नाही. दातांवर कीट साचते. किडलेले दात काढल्यावर कित्येक कुत्रे नव्या उत्साहाने खाऊ लागतात. संधिवातामुळे सकाळी उठताना पाय आखडतात. निर्बीजीकरण न झालेल्या वृद्ध मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा विकार उद्भवतो. तिला तहान फार लागू लागली व ती मलूल झाली, तर विलंब न लावता उपचार करावे लागतात, कारण हा विकार प्राणघातक आहे.

ही यादी वाचून भिण्याचे कारण नाही. यांतील बऱ्याच तक्रारी औषधांनी व साध्या काळजीने आटोक्यात राहतात. पिलू घेणाऱ्याला ते पुढे केवढे होईल, कोणत्या स्वभावाचे निघेल, किती जोडे कुरतडील याचा अंदाज नसतो. वृद्ध कुत्र्याविषयी या गोष्टी आधीच कळलेल्या असतात. तो घरात राहण्यास शिकलेला असतो व त्याला लांबवर धावायला न्यावे लागत नाही. तरीही आश्रयगृहात येणाऱ्यांचे लक्ष प्रथम पिलांकडे जाते आणि म्हातारे कुत्रे मागे राहतात.

सेवानिवृत्त श्वानांचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. दिल्ली मेट्रोच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या सात श्वानांना समारंभपूर्वक निरोप दिला व त्यांना एका स्वयंसेवी संस्थेच्या स्वाधीन केले. ज्यांनी काम केले त्यांच्या उत्तरायुष्याची सोय हेही त्या कामाचेच अंग आहे, ही जाणीव त्यातून प्रकट झाली. घराची राखण करून म्हातारा झालेला सामान्य कुत्रा याहून कमी हक्काचा मानण्याचे कारण नाही.

नव्या घराची निवड

जबाबदार संस्था येणाऱ्या प्रत्येक इच्छुकाला काही प्रश्न विचारते. घर स्वतःचे आहे की भाड्याचे? दिवसा घरी कोण असते? घरातील सर्वांची संमती आहे काय? जिने किती चढावे लागतात? वर्षभराचा औषधोपचाराचा खर्च झेपेल काय? हे प्रश्न कित्येकांना अपमानकारक वाटतात. परंतु एकदा घर गमावलेल्या कुत्र्याला दुसऱ्यांदा ते गमवावे लागू नये, एवढाच त्यांचा हेतू असतो. निवृत्त दांपत्य आणि शांत वृद्ध कुत्रा यांची जोडी सहसा चांगली जमते. मात्र पालक आजारी पडल्यास पुढे कुत्र्याला कोण सांभाळील, याचे उत्तर आधीच मिळालेले बरे. खर्चामुळे माघार घेणाऱ्यांसाठी काही संस्था आजीवन पालकत्वाची योजना ठेवतात. तीत कुत्रा कुटुंबात राहतो आणि औषधोपचाराचा भार संस्था उचलते.

करारपत्रात एक अट अवश्य असावी. काही कारणाने कुत्रा ठेवणे अशक्य झाले तर तो परस्पर दुसऱ्याला न देता संस्थेकडेच परत करावा.

नव्या घरातील पहिले महिने

अनुभवी कार्यकर्ते एक ढोबळ प्रमाण सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा भांबावलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराचा क्रम कळतो आणि तीन महिन्यांनी ते घर त्याला आपले वाटू लागते. पळून जाण्याचा धोका पहिल्या दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणून दार उघडताना जपावे, गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहावा व बाहेर नेताना साखळी कधीही सोडू नये. आहार आठवडाभरात हळूहळू बदलावा. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात. त्याच्या वाटेवर जुनी सतरंजी अथवा पोती अंथरल्यास तो निर्धास्तपणे चालतो. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी घडवून आणावी. मुलांना त्याच्या झोपेत व जेवणात व्यत्यय आणू न देणे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

मर्यादा

आश्रयगृहाची शक्ती अमर्याद नसते. शंभरांच्या जागेत दोनशे कुत्रे कोंडले तर साथी पसरतात, भांडणे होतात आणि दयेच्या नावाखाली नवी यातना सुरू होते. म्हणून एखादी संस्था ‘सध्या जागा नाही’ असे सांगते तेव्हा तिला निष्ठुर ठरविणे अन्यायाचे आहे. कित्येकदा ती आधीच आत असलेल्या कुत्र्यांचे हित राखीत असते. असाध्य व्याधीने तळमळणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्याच्या निर्णयानुसार वेदनारहित मरण देणे, हाही कधीकधी करुणेचाच मार्ग ठरतो. परंतु केवळ म्हातारपण ही व्याधी नव्हे, आणि मालकाची गैरसोय हे मृत्यूचे कारण होऊ शकत नाही.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारतो, ही कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सामान्य गृहस्थाकडून एवढ्या मोठ्या त्यागाची अपेक्षा कोणी करीत नाही. कुत्रा घरी आणण्यापूर्वी पुढील बारा वर्षांचा विचार करावा, त्याला ठेवणे अशक्य झाल्यास त्याची खरी हकीकत सांगून तो योग्य हाती सोपवावा आणि तो सुस्थितीत पोहोचला की नाही याची मागाहून चौकशी करावी, एवढे मात्र प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.