संगणकातील ई-मेलचे जतन आणि पुनःस्थापन

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील राजूर हे गाव राजुरेश्वर गणपतीच्या स्थानामुळे सर्वपरिचित आहे. चतुर्थीला, विशेषतः अंगारकीस, येथे भाविकांची मोठी गर्दी लोटते. अशा दिवसासाठी पाणी, वीज, एस. टी.च्या जादा गाड्या, आरोग्य पथक, बंदोबस्त यांविषयीचा पत्रव्यवहार अगोदरच करावा लागतो. अंगारकीला ठरावीक महिना नसतो. त्यामुळे मागील खेपेस कोणाला काय कळविले होते, हे जुन्या पत्रांतूनच पाहावे लागते. पूर्वी अशा पत्रांची स्थळप्रत फायलीत लागे. आता पुष्कळसा पत्रव्यवहार ई-मेलने होतो, आणि त्याची स्थळप्रत कोठे आहे असे विचारले, तर "संगणकात आहे" एवढेच उत्तर मिळते. ग्रामपंचायत असो वा शाळा, हे उत्तर पुरेसे नाही.

संगणकात म्हणजे नेमके कोठे, हे प्रथम पाहिले पाहिजे. ई-मेल घेण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पॉप पद्धतीत पत्रे दूरच्या सर्व्हरवरून आपल्या संगणकावर उतरवून घेतली जातात आणि, तशी सूचना दिलेली नसेल तर, सर्व्हरवर ती शिल्लक राहतीलच असे नाही. म्हणजे ती हार्ड डिस्क हीच एकमेव फाइल होय. आयमॅप पद्धतीत पत्रे सर्व्हरवर राहतात व संगणकात त्यांचे प्रतिबिंब असते. यामुळे अनेकजण निर्धास्त होतात. परंतु येथे एका ठिकाणी खोडलेले पत्र दुसऱ्या ठिकाणाहूनही जाते. प्रतिबिंब म्हणजे स्थळप्रत नव्हे. खाते एखाद्या शिक्षकाच्या वैयक्तिक नावाने उघडलेले असेल, तर धोका आणखी वाढतो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले, हे बदली झालेल्या मुख्याध्यापकांच्या जुन्या खात्यांच्या बाबतीत ध्यानात ठेवावे.

प्रत काढण्याची कृती अवघड नाही. थंडरबर्ड या आज्ञावलीत सर्व पत्रे, पत्ते व मांडणी 'प्रोफाइल' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये असते. आज्ञावली पूर्णपणे बंद करावी आणि ते संपूर्ण फोल्डर बाह्य हार्ड डिस्कवर उतरवावे. चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघण्याचा संभव असतो. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये निर्यातीची सोय वापरून पत्रांची एक पीएसटी फाइल करता येते. जी-मेल केवळ संकेतस्थळावर पाहणाऱ्यांना गुगलच्या 'टेकआउट' सेवेतून सर्व पत्रे एमबॉक्स प्रकारच्या फाइलमध्ये मागविता येतात.

छापील प्रत काढून फायलीला लावली म्हणजे काम झाले, असा समज काही कार्यालयांत आढळतो. वाचण्यापुरती ती ठीक आहे. परंतु माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपण्याविषयी तीन अपेक्षा आहेत: तो पुढे केव्हाही पाहता यावा, मूळ स्वरूपात, किंवा मूळाशी तंतोतंत जुळणाऱ्या स्वरूपात असावा, आणि तो कोठून निघाला, कोठे पोहोचला, कोणत्या तारखेस व वेळेस, याचा तपशील त्यासोबत राहावा. हा तपशील पत्राच्या मथळ्यात दडलेला असतो व छपाईत बहुतेक गळतो.

आता प्रत ठेवावयाची कोठे? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली, तेव्हा फायलींबरोबर संगणकही जळाले. प्रत दुसऱ्या इमारतीत असावी, याला याहून वेगळे कारण देण्याची गरज नाही. आग नसली तरी विजेचा दाब एकाएकी वाढून संगणक व त्यास जोडलेली डिस्क एकदमच निकामी होऊ शकते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉन्नाक्राय'सारखे खंडणीखोर विषाणू तर जोडलेल्या डिस्कवरील फायलीही कुलूपबंद करतात. यास्तव काम होताच डिस्क काढून कपाटात ठेवावी, आणि कपाटाला कुलूप असावे. कारण त्या प्रोफाइलमध्ये साठविलेले पासवर्डही असतात.

येथपर्यंतचे काम काही कार्यालये करतात. पुढचे मात्र क्वचितच होते. काढलेली प्रत परत उघडून पाहिल्याशिवाय ती प्रत आहे असे म्हणता येत नाही. तीन महिन्यांतून एकदा तरी ती दुसऱ्या संगणकावर उघडावी. प्रत्येक फोल्डरमधील पत्रांची संख्या मूळाशी ताडून पाहावी. सर्वात जुने व सर्वात नवे पत्र उघडावे. जोडपत्रे वाचता येतात का ते पाहावे. आयमॅप खाते असल्यास परत आणलेली पत्रे स्थानिक फोल्डरमध्ये ठेवावीत, अन्यथा सर्व्हरशी जुळवणी होताना ती पुन्हा नाहीशी होण्याची भीती असते.

जोडपत्रांच्या बाबतीत मराठी कार्यालयांची एक खास अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीची पत्रे निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकित केलेली आहेत. फाइल सुरक्षित असते, पण फॉन्ट नसल्यामुळे पडद्यावर केवळ चित्रविचित्र चिन्हे उमटतात. मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदपत्रे तपासावयास घेतली, तेव्हा कागद टिकून होते, पण उर्दू व मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागले. तरी मोडीचा जाणकार मिळतो. बंद पडलेल्या आउटलुक एक्स्प्रेसच्या डीबीएक्स फाइली उघडण्यासाठी मात्र जाणकारासोबत योग्य आज्ञावलीही हवी. अशा फाइली कोणाच्या जुन्या संगणकात असतील, तर तो संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्या आजच्या स्वरूपात आणून घ्याव्यात, आणि महत्त्वाच्या जोडपत्रांची फॉन्टसह पीडीएफ करून ठेवावी.

हे काम कोणाचे, हेही ठरलेले असावे. संगणक परिचालक प्रत काढील. परंतु ग्रामसेवकाची किंवा मुख्याध्यापकाची बदली होते त्या दिवशी कार्यभाराच्या यादीत शिक्के, रोकडवही व किल्ल्या यांच्याबरोबर आणखी तीन नोंदी याव्यात: कार्यालयाचे ई-मेल खाते व त्याच्या पासवर्डचा बंद लिफाफा, प्रतीची डिस्क कोठे आहे ते ठिकाण, आणि ती शेवटची केव्हा उघडून पाहिली ती तारीख. नव्या माणसाने सही करण्यापूर्वी डिस्क स्वतः जोडून एक जुने पत्र उघडावे.