कोणी उपाशी राहिले आहे का?

श्रीगुरुचरित्राचा ३८वा अध्याय आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात आहे. भास्कर नावाच्या गरीब ब्राह्मणाने तिघांपुरता शिधा आणला आणि श्रीगुरुकृपेने त्यात चार हजार माणसे जेवली, एवढे आपल्याला पाठ असते. पुढचा भाग मात्र आपण भराभर वाचून जातो. पंगती उठल्यावर श्रीगुरूंनी गावात आणखी कोणी भुकेले आहे का, याची दवंडी पिटायला लावली. मला तर चमत्काराइतकीच ही चौकशी मोठी वाटते.

आता आपल्या दत्तजयंतीच्या महाप्रसादाकडे बघा. रांगेत उभे असतो ते बहुतेक आपणच, घरी फ्रिज भरलेला ठेवून आलेले. (प्रसाद घ्यावाच, त्यात वावगे काही नाही.) पण एकटी राहणारी म्हातारी, गुडघ्यांमुळे जिना न उतरणारे आजोबा, सरकारी रुग्णालयात पेशंटपाशी बसलेले नातेवाईक रांगेत दिसत नाहीत. काहींना येता येत नाही, काहींना लाज वाटते. गाणगापूरला दुपारच्या माधुकरीला सुखवस्तू माणूसही झोळी पसरतो, कमीपणा कोणालाच वाटत नाही. आपल्या गल्लीत तसे होत नाही, म्हणून डबा घेऊन आपणच जावे लागते.

शिधा द्यायचा तर काय द्यावा? उभा जन्म बँकेत खातेवह्या लिहिण्यात गेला, म्हणून हिशेबाने सांगतो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे ज्याचे रेशनकार्ड चालू आहे, त्याच्या घरी तांदूळ-गहू थोडेफार असतात. नसते ती तूरडाळ, तेल, शेंगदाणे, गूळ. तेव्हा तांदळाची आणखी एक पिशवी आणण्यापेक्षा डाळ आणा. पाकिटावरची तारीख बघून घ्या आणि जुना माल आधी बाहेर काढा. उरलेला महाप्रसाद गरम आहे तोवरच पोचवावा. कोमट वरण-भात तासन्‌तास ठेवला तर पोट बिघडणारच. पानातले उष्टे देऊ नये, हे सांगायला नको.

पैसे देणारे भेटतात हो, वेळ देणारे कमी. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा जुळला की धान्य मिळते. पण कष्टाने आणि वयाने बोटांच्या रेषा झिजतात, मग यंत्र काही ओळखत नाही. कोणाचे ई-केवायसी राहिलेले असते, कोणा सुनेचे नाव कार्डावर चढलेलेच नसते. अशा माणसाबरोबर दुकानात जायचे, पुरवठा कार्यालयात अर्ज भरून द्यायचा, पोच घ्यायची. हे काम आपण निवृत्तांनी करावे. आम्हां क्लार्क मंडळींना फॉर्मची आणि रांगेची सवय असतेच!

आणि एक. शिधा देताना फोटो काढू नका. कोणाला काय दिले याची वही ठेवावी लागते, ती जरूर ठेवा; पण देणगीदारांची नावे फळ्यावर लावतो तशी ही नावे लावायची नसतात. ती वही कपाटात असू द्या.