वर्गसमीकरण: उत्तरं दोन, खरं कोणतं?

साहित्य मंडळाच्या अंकात गणित कशाला, असं वाटेल. पण वर्गसमीकरण सोडवताना शेवटचा निर्णय भाषाच करते.

भास्कराचार्यांचंच उदाहरण घेऊ. ११५० च्या सुमारास त्यांनी ‘बीजगणित’ लिहिलं. त्यांचं गाव विज्जडविड. ते म्हणजे विजापूर की चाळीसगावजवळचं पाटण, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आपल्या सीमाभागाला याचं नवल नको!

त्यांचं गणित असं: माकडांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले. जे उरलं त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली. एक माकड फांदीवर दिसतं. तर कळप केवढा?

कळप क्ष मानू.
(क्ष/५ − ३)² + १ = क्ष
सगळं २५ ने गुणून मांडलं की
क्ष² − ५५क्ष + २५० = ०

१) अवयव पद्धत: गुणाकार २५० आणि बेरीज ५५ येईल अशा दोन संख्या शोधा. त्या ५० आणि ५. म्हणून (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०.

२) पूर्ण वर्ग पद्धत: अवयव सुचत नाहीत? भास्कराचार्य श्रीधराचार्यांची रीत देतात. २५० उजवीकडे न्या, क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे इथे ४ ने, दोन्ही बाजू गुणा आणि ५५ चा वर्ग मिळवा.
४क्ष² − २२०क्ष + ३०२५ = २०२५
(२क्ष − ५५)² = २०२५
२क्ष − ५५ = ±४५
अपूर्णांक कुठेच आला नाही.

३) सूत्र पद्धत: हीच कृती अ·क्ष² + ब·क्ष + क = ० वर करा, की सूत्र मिळतं:
क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ
म्हणजे सूत्र विसरलं तरी परीक्षेत दोन-तीन ओळींत पुन्हा उभं करता येतं.

आता उत्तरं दोन: ५० आणि ५. पाचाचा पाचवा भाग १. एका माकडातून तीन वजा कशी करणार? समीकरणाला −२ चालतं, कारण वर्ग ४ च येतो. गोष्टीला चालत नाही. म्हणून भास्कराचार्यांनी ५ सोडून दिलं.

पण दुसरं उत्तर नेहमीच खोटं, असंही नाही. त्यांच्याच दुसऱ्या गणितात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग, इतकी माकडं वनात खेळतात आणि बारा टेकडीवर आहेत. उत्तरं ४८ आणि १६. ताडून बघा, दोन्ही बरोबर!

आपल्यातले बरेच जण दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूसीला एकदम इंग्रजीत येतात. सूत्र पाठ असतं, पण शाब्दिक उदाहरणात मार्क जातात. तेव्हा प्रश्न आधी मनात मराठीतून सांगा, आणि आलेली दोन्ही उत्तरं त्या गोष्टीत ठेवून बघा. मगच पेपरात उत्तराखाली रेघ ओढा.