खेळ, गुण आणि आपले क्रेडिट कार्ड

गेल्या महिन्यात एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा कॉम्प्युटरवर खेळत होता. पडद्यावर एका बाईला केस धरून फरफटत नेत होते आणि हा हसत होता. विचारले तर म्हणाला, "काका, इट्स जस्ट अ गेम!" घरच्यांची समजूत अशी की काहीतरी रेसिंगचा खेळ असेल.

मी सॉफ्टवेअरवाला. खेळ लिहिताना आधी ठरवावे लागते, गुण कशाला द्यायचे? सिनेमातला अत्याचार आपण पाहतो. खेळात मुलगा स्वतः बटण दाबतो आणि बक्षीस घेतो. १९८२ साली अटारी २६०० साठी 'कस्टर्स रिव्हेंज' निघाला. खांबाला बांधलेल्या नेटिव्ह अमेरिकन स्त्रीवर बलात्कार केला की गुण! महिला संघटनांनी आणि नेटिव्ह अमेरिकन लोकांनी निदर्शने केली. तेव्हा चित्रे निदान ठोकळ्यांची होती. एप्रिल २०२५ मध्ये असाच 'नो मर्सी' हा खेळ ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात ओरड झाल्यावर 'स्टीम' या ऑनलाइन दुकानातून निघाला.

असे खेळ खेळणारा प्रत्येक मुलगा गुन्हेगार होतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण तिचा नकार म्हणजे पार करायची एक लेव्हल, हे मनात मुरते. प्रतिस्पर्ध्याला हरवल्यावर "रेप केलं तुला" म्हणणारी मुले मी हेडफोनवर स्वतः ऐकली आहेत. त्याच खेळात आपल्या मुलीही असतात.

१९९४ पासून अमेरिकेत खेळांना ईएसआरबीचे शिक्के मिळतात. 'एम' म्हणजे सतरा वर्षांवरील, 'एओ' म्हणजे अठरा. मात्र स्टीमवर विकायला हा शिक्का सक्तीचा नाही, आणि वय विचारले तर जन्मतारीख कोणतीही टाकता येते. कार्ड मात्र आपले असते! स्टेटमेंटवर फक्त दुकानाचे नाव येते, म्हणून खात्यातली 'पर्चेस हिस्टरी' उघडून पाहावी. कार्ड तिथे साठवून ठेवू नये. 'स्टीम फॅमिलीज'मध्ये मुलाचे खाते वेगळे करून कोणते खेळ दिसावेत ते ठरवता येते. (वाढदिवसाची गिफ्ट कार्डे विसरू नका.)

मित्राने त्याच रात्री हे सगळे केले. वहिनींनी वेगळेच केले. न रागावता खुर्ची ओढून मुलाशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "चल, दाखव मला." पाच मिनिटांत त्यानेच खेळ बंद केला.