बांधावरचा व्हायवा

आपल्या होस्टेलमध्ये शेतकऱ्यांची मुलं बरीच आहेत. त्यांना 'बांध कोरणे' म्हणजे काय हे सांगायला नको. शहरातल्या दोस्तांसाठी सांगतो. दोन शेतांच्या मधे मातीचा बांध असतो. नांगरताना फाळ जरा आत घातला की बांध वीतभर झिजतो. पुढच्या वर्षी पुन्हा वीतभर. होता होता बांध सरकतो, आणि मग माणसं सरकतात.

मी एस.ई.ला असतानाची गोष्ट आहे. सर्व्हेइंगला चांगले मार्क पडले होते, त्यामुळे दिवाळीला घरी गेलो तो निम्मा इंजिनिअर होऊनच. आमचं आणि तात्यांचं, म्हणजे वडिलांच्या चुलत भावाचं, शेत लागून आहे. मधला बांध साधारण ४०० फूट लांब, वर रस्त्यापासून खाली ओढ्यापर्यंत. आप्पांना बरीच वर्षं संशय होता की तात्या बांध कोरतात. मी म्हटलं, "त्यात काय, मी मोजतो."

मोबाईलवर एक ॲप घेतलं आणि शेताच्या कडेकडेने चालत फेरी मारली. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८१ हेक्टर, म्हणजे दोन एकर. ॲपवर आलं एक एकर छत्तीस गुंठे. मी तिथेच जाहीर केलं, "आप्पा, आपले चार गुंठे गेले!" आप्पा तसेच तात्यांच्या दारात गेले. "तात्या, तुम्ही आमचे चार गुंठे खाल्ले, पोरानं मोजलंय." त्यानंतर जे झालं ते इथे छापण्यासारखं नाही. बोलणं बंद झालं. फेब्रुवारीत तात्यांच्या मुलीचं लग्न झालं, आमच्या घरातून कोणीही गेलं नाही.

माझं कुठे चुकलं?

सुट्टी संपल्यावर सरांना सगळं सांगितलं. सर हसले नाहीत. फळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "कर हिशोब."

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हा ३३ आकडा आला जुन्या मोजणीच्या साखळीवरून. ती ३३ फुटांची असे आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. आपण लॅबमध्ये शिकतो त्या ६६ फुटांच्या गुंटर साखळीच्या बरोबर निम्मी.

आता साध्या मोबाईलच्या जीपीएसमध्ये मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरची चूक सहज असते. एका बाजूला तीनच मीटर धरा. ४०० फुटांच्या बांधावर ती होते जवळपास ३९०० चौरस फूट, म्हणजे साडेतीन गुंठ्यांहून जास्त. मी ज्याला चोरी म्हणालो ती जवळजवळ सगळी माझ्या खिशातल्या फोनची चूक असू शकत होती. 'एरर'चा चॅप्टर मी पाठ केला होता, वापरला मात्र नव्हता.

दुसरी चूक याहून मोठी. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते. चार गुंठे खरोखर कमी भरले असते, तरी ते तात्यांकडेच गेले हे कशावरून? शेताला चार बाजू आहेत. हद्द कळते ती भूमी अभिलेख खात्याच्या नकाशावरून आणि जागेवरच्या हद्दीच्या दगडांवरून.

नकाशालाही मर्यादा आहे. नकाशा १:१००० चा असेल, तर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अर्धा मीटर रुंद होते. म्हणजे यंत्र कितीही भारी आणा, ते शेवटी जुळवायचं आहे त्या जुन्या रेघेशीच.

खरी मोजणी

शेवटी मीच आप्पांच्या मागे लागून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करायला लावला. फी भरली, तात्यांना आणि बाकीच्या लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या. नेमल्या दिवशी भूकरमापक रोव्हर घेऊन आले. हे यंत्र उपग्रहाचेच सिग्नल घेतं, पण पक्क्या स्टेशनकडून दुरुस्ती मिळत असल्यामुळे त्याची चूक काही सेंटिमीटरवर येते. त्यांनी पहिल्यांदा बांधाला हातच लावला नाही. आधी जुन्या खुणा शोधल्या. एक दगड बाभळीच्या मुळाशी फूटभर खाली सापडला, दुसरा गायब होता. मग आजूबाजूच्या पक्क्या खुणा घेतल्या, प्रत्यक्ष वहिवाट मोजली आणि ती नकाशावर बसवली.

निकाल असा: रस्त्याच्या टोकाला बांध आमच्यात चार फूट आलेला. ओढ्याच्या टोकाला मात्र तो तात्यांच्यात सहा फूट गेलेला! म्हणजे खरी हद्द आणि बांध मधे एकमेकांना छेदतात. समरूप त्रिकोणाचं गणित केलं, तर छेद वरून १६० फुटांवर येतो. वरचा त्रिकोण ३२० चौरस फूट, खालचा ७२०. त्यांच्याकडे आमचे ३२०, आमच्याकडे त्यांचे ७२०. वजा जाता ४०० चौरस फूट आम्हीच देणं लागत होतो. अर्धा गुंठासुद्धा नाही.

आप्पा बराच वेळ ओढ्याच्या टोकाला उभे होते. मग म्हणाले, "खालनं ट्रॅक्टर आपलाच वळतो."

लक्षात ठेवण्यासारखं

१. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजून घेता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात. भूकरमापकाशी हुज्जत घालून उपयोग नसतो.

२. मोजणीने हद्द कळते, ताबा मिळत नाही. समोरचा ऐकत नसेल तर दिवाणी कोर्टात जावं लागतं.

३. फार उशीर करू नका. १९६३ च्या मुदत कायद्यात खाजगी जमिनीच्या ताब्याच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत आहे. नुसतं बारा वर्षं नांगरलं म्हणून जमीन आपोआप कोणाची होत नाही. ताबा उघड, सलग आणि मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध होता हे सिद्ध करावं लागतं. पण वाद तिथपर्यंत जाऊच कशाला द्यायचा? ४०० फुटांच्या बांधावर वर्षाला अर्धा फूट म्हणजे बारा वर्षांत २४०० चौरस फूट, दोन गुंठ्यांहून जास्त.

४. हद्दीचे दगड जपणं ही शेतकऱ्याचीच जबाबदारी आहे. नांगराला आडवा येतो म्हणून दगड काढून फेकू नका.

५. आणि सिव्हिलच्या पोरांनो, गावी जाऊन फोनवर मोजून निकाल देऊ नका. लोक आपल्यावर विश्वास ठेवतात, तिथेच घोळ होतो.

पीक निघाल्यावर दोन्ही घरांनी मिळून नवे दगड रोवले आणि बांध सरळ केला. त्या दिवशी तात्यांनी मला हाक मारली, "इंजिनिअर, टेप धर." मी टेप धरला. यंदा दिवाळीचा फराळही इकडून तिकडे गेला. आता तात्यांची मुलगी माहेरी आली की आमच्याकडे येते, आईशी बोलते, चहा घेते. तिच्या लग्नाचा अल्बम मात्र मी अजून मागितलेला नाही.

— शेवटचं वर्ष, स्थापत्य