शेवटची इच्छा लिहून ठेवा

माणूस गेला की घरात रडारड होते. त्यातच वाद निघतो. पुरायचे की जाळायचे? खर्च किती करायचा?

आपल्या नाशिकजवळचे जलालपूर ही कवी नारायण वामन टिळकांची सासुरवाडी. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती लोकांत पुरण्याची चाल. टिळकांनी मात्र आपली इच्छा आधीच सांगून ठेवली होती. १९१९ साली ते मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले. चाल मोडली, पण विश्वास मोडला नाही.

बाप्तिस्म्याने माणूस देवाचा होतो. ते नाते मरणाने तुटत नाही, असा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे. शेवटची इच्छा लिहिताना त्या विश्वासाला पुन्हा होकार देता येतो.

आता तुम्हांला लिहिता येते. कोणती प्रार्थना, कोणते गीत, किती खर्च, ते लिहा. अंगठा नको, सही करा. मग घरच्यांना वाचून दाखवा.