पुरुषांच्या गुह्यभागातील कंडू व दाह : कारणभेद आणि उपचारविवेक

गुह्यभागी खाज, आग किंवा लाली ही तक्रार असलेला पुरुष बहुधा प्रथम वैद्याकडे येत नाही. तो औषधाच्या दुकानात जातो, हलक्या आवाजात ‘खाजेचे मलम’ मागतो आणि त्यावर महिना-दोन महिने निभावून नेतो. तो आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा मूळ व्याधीचे रूप पालटलेले असते. म्हणून हा विषय वैद्य व औषधविक्रेते या दोघांचाही आहे. येथील कंडू हा एक रोग नसून अनेक रोगांचे समान लक्षण आहे. स्थानपरीक्षण केल्याशिवाय व प्रमेहाची शंका फेडल्याशिवाय त्यावर मलम देऊ नये, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य होय.

संहितेतील विचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात उपदंश, क्षुद्ररोग व शूकदोष या तीन प्रकरणांत हा विषय विभागून आला आहे. क्षुद्ररोगांत वृषणकच्छूचे वर्णन आहे. स्नान व उत्सादन न करणाऱ्याच्या वृषणावर साचलेला मळ घामाने क्लिन्न होतो, कंडू उत्पन्न होतो आणि खाजविल्याने स्फोट व स्राव होतो; येथे कफ व रक्त यांचा प्रकोप मानला आहे. लिंगवृद्धीच्या इच्छेने केलेल्या लेपांमुळे होणारे शूकदोष अठरा सांगितले आहेत. बाहेरून लावलेले द्रव्यच व्याधीचा हेतू ठरू शकते, हा त्यातील बोध आजही तितकाच उपयुक्त आहे.

कारणभेद

१. दद्रू : जांघेत कडा उंचावलेले, मध्ये निवळत जाणारे मंडल दिसते. वृषणाची त्वचा बहुधा सुटलेली असते.

२. कँडिडाजन्य शोथ : शिश्नमणी लाल होतो, त्यावर बारीक पुटकुळ्या किंवा पांढरा थर येतो, अग्रत्वचेला चिरा पडतात. वृषणही ग्रस्त होऊ शकते.

३. खरूज : रात्री खाज वाढते, शिश्न व वृषणावर कठीण गाठी येतात. बोटांच्या बेचक्या, मनगटे व बेंबीभोवतीचा भाग पाहावा आणि घरातील इतरांची चौकशी करावी.

४. स्पर्शजन्य दाह : साबण, जंतुनाशक द्रव, निरोधाचे रबर, गंधकयुक्त लेप ही कारणे आढळतात. बिब्ब्याचा रस लागलेल्या हाताचा स्पर्शही पुरतो. भल्लातकाची शुद्धी करणाऱ्या फार्मसीतील कामगारांस हे आवर्जून सांगावे.

५. औषधजन्य डाग : वेदनाशामक किंवा सल्फायुक्त औषध घेतल्यावर प्रत्येक वेळी त्याच जागी जांभळट डाग किंवा फोड उठतो. हा इतिहास विचारल्याशिवाय कळत नाही.

६. लैंगिक संसर्ग : वेदनारहित व्रण असल्यास फिरंग, तर वेदनायुक्त बारीक फोडांचा पुंजका असल्यास नागीण वर्गातील विषाणूची शंका घ्यावी.

प्रमेहाची सूचना

मध्यम वयाच्या पुरुषास वारंवार शिश्नमणिशोथ होणे, अग्रत्वचा चिरणे व हळूहळू ती मागे न सरकणे, ही कित्येकदा मधुमेहाची पहिली खूण असते. रुग्णास मधुमेह ठाऊक नसतो आणि मलमाने तात्पुरता उपशम झाल्याने तो ठाऊक होतही नाही. अशा प्रत्येक रुग्णाची उपाशीपोटीची रक्तशर्करा व एचबीए१सी तपासावी. मधुमेह ज्ञात असल्यास चालू औषधे विचारावीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात, त्यामुळे येथे बुरशीचा संसर्ग सुलभ होतो. ती परस्पर बंद करू नयेत. मूळ चिकित्सकास कळवावे.

मिश्र मलमांचा धोका

स्टेरॉईड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेल्या मलमाने दोन दिवसांत खाज थांबते, पण दद्रू आतून पसरत राहते, तिच्या कडा पुसट होतात व निदान कठीण होते. त्वचा पातळ पडते, आग होते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेल्डमन व मायबाख यांच्या अभ्यासात वृषणाच्या त्वचेतून हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण हाताच्या पुढील भागापेक्षा सुमारे ४२ पट आढळले होते. हातावर सोसणारे मलम येथे का सोसत नाही, याचे उत्तर त्यात आहे. २०२० मध्ये वर्णिलेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी नेहमीच्या टर्बिनाफीनला अनेकदा दाद देत नाही, हेही ध्यानी असावे.

उपचारक्रम

प्रथम निदानपरिवर्जन : लावलेली सर्व मलमे, साबण व सुगंधी द्रव्ये थांबवावीत. दीर्घकाळ तीव्र स्टेरॉईड वापरले असल्यास ते बंद केल्यावर लाली व आग काही काळ वाढू शकते; याची रुग्णास पूर्वकल्पना द्यावी. अग्रत्वचा जोर न करता मागे घेऊन साध्या पाण्याने धुवावी, टिपून कोरडी करावी व लगेच पूर्ववत पुढे आणावी; अन्यथा परिवर्तिकेचा धोका संभवतो. सैल सुती अंतर्वस्त्रे रोज बदलावीत व उन्हात वाळवावीत.

क्लेद व स्राव असता त्रिफळा किंवा पंचवल्कलाचा ताजा, गाळून थंड केलेला क्वाथ प्रक्षालनासाठी योजावा. रूक्षता व दाह असता शतधौत घृताचा पातळ लेप पुरेसा होतो. मात्र ओल्या, बुरशीयुक्त जागी स्निग्ध लेप टाळावा. आभ्यंतर चिकित्सा दोष, अग्नी व प्रमेहाचा विचार करून ठरवावी. खरूज असल्यास घरातील सर्वांची चिकित्सा एकाच वेळी व्हावी. शिश्नमणिशोथात जोडीदारास लक्षणे असल्यास त्याचीही तपासणी करावी.

कोणास पुढे पाठवावे

कोणताही व्रण, दोन-तीन आठवड्यांत न निवळणारा लाल मखमली चट्टा, पांढरी व आक्रसणारी त्वचा किंवा मूत्रप्रवृत्तीस अडथळा असल्यास त्वचारोगतज्ज्ञ वा शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. काही चट्टे कर्करोगपूर्व असतात. मागे घेतलेली अग्रत्वचा पुढे न येता सूज आल्यास क्षणाचाही विलंब नको. मधुमेही रुग्णास वृषण किंवा गुदाजवळ तीव्र वेदना, सूज, काळसरपणा व ज्वर असल्यास ती प्राणघातक अवस्था समजून त्वरित रुग्णालयात धाडावे. लैंगिक संसर्गाची शंका असल्यास शासकीय रुग्णालयातील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गोपनीय तपासणी होते.

औषधविक्रेत्यांनी तीन प्रश्न विचारावेत : किती दिवसांपासून? यापूर्वी काय लावले? साखर तपासली आहे का? बाह्य वापराच्या अनेक स्टेरॉईडांना २०१८ पासून अनुसूची ‘एच’ लागू आहे. चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत. हे प्रश्न गिऱ्हाइकांच्या गर्दीत नव्हे, बाजूस घेऊन विचारावेत. लज्जेमुळे लपलेला व्याधी आपल्या दोन सौम्य शब्दांनी वेळीच उघड होतो, आणि रुग्णाचे निम्मे हित तेथेच साधते.